कापडी पिशवी जागेवरच आहे

तीर्थरूप आई-बाबांस,

बंगळूरूहून मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत दुपारी तुम्ही दोघे जरा लवंडलात की मी माडीवर जाऊन बसत असे, ते ऑफिसच्या कामासाठी नव्हे, हे आज कबूल करते. कापडी पिशवीतला एकेक कागद काढून मी फोनने स्कॅन करत होते. आधी विचारायला हवे होते; पण विचारले असते तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि आपल्या घरात "बघू" म्हणजे काय हे दादालाही ठाऊक आहे.

त्या रात्री डॉक्टरांनी मागचा टूडी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, मागितला, तेव्हा आई, तू एका हातात फोन धरून पलंगाखालची ट्रंक ओढत होतीस आणि मी इथून "निळ्या फाइलीत बघ" यापलीकडे काही करू शकत नव्हते. फरशीवर घासणाऱ्या ट्रंकेचा तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. शिवाय २०१९ चा ऑगस्ट आहेच. पाणी ओसरल्यावर बाबांनी खरेदीखताचे प्रत्येक पान सुती धोतराच्या घडीत ठेवून मंद इस्त्रीने वाळवले आणि ते वाचवले. आईची वही मात्र वाचली नाही. कांदा-लसूण चटणीच्या पानावर "मिरची दीड किलो" एवढेच उरले आहे, खाली सगळा निळा ओघळ.

म्हणून हे स्कॅन इंटरनेटवर साठवायचे ठरवले आणि त्यासाठी मी गूगल ड्राइव्ह निवडले. ड्रॉपबॉक्स २००८ पासून हेच काम करते आणि मोठ्या फाइलीतला फक्त बदललेला भाग वर चढवण्यात ते तरबेज आहे, पण फुकट जागा २ जीबी. वनड्राइव्ह ५ जीबी देते आणि बाबांच्या लॅपटॉपवर ते आधीपासून आहे. तरी तुम्हा दोघांचे फोन अँड्रॉइडचे, जीमेलची खाती जुनी, आणि या वयात आणखी एक पासवर्ड तुमच्या माथी मारणे मला बरे वाटले नाही. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. जून २०२१ पासून नवे फोटो आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. आईचे खाते सुप्रभातांनी जवळजवळ भरले होते, आणि जागा संपली की नवे ईमेल येणेच थांबते. म्हणून १०० जीबीची योजना घेतली. रक्कम सांगत नाही, नाहीतर बाबा संध्याकाळपर्यंत यूपीआयने परत पाठवतील.

ही जागा आपण घरचे वाटून वापरणार असलो तरी तुमचे फोटो किंवा ईमेल मला दिसत नाहीत. फक्त "घर" नावाचे फोल्डर सगळ्यांचे आहे. बाबांचे रिपोर्ट आईच्या फोनवर ऑफलाइन ठेवले आहेत, त्यामुळे दवाखान्यात रेंज नसली तरी उघडतील. आधार आणि पॅन सरकारच्या डिजिलॉकर अ‍ॅपमध्ये आहेत. तिथली प्रत कायद्याने मुळासारखीच चालते. कापडी पिशवी जशी होती तशी कपाटात आहे, एकही कागद मी फेकलेला नाही.

"आपले कागद परक्याच्या कपाटात," असे बाबा म्हणतील, आणि ते अगदीच चूक नाही. फाइली तिथे कुलूपबंद असतात, पण किल्ली कंपनीकडेही असते. म्हणून मुदत ठेवींचे आणि लॉकरचे कागद मी वर चढवलेलेच नाहीत.

आता ऐका. "घर" फोल्डरमधले काहीही पुसायचे नाही. सिंक म्हणजे सगळ्यांच्या फोनवर तेच दिसत राहणे, साठवण नव्हे. एकीकडे पुसले की सगळीकडून जाते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते. म्हणून एक प्रत हार्डडिस्कवर घेऊन दादाकडे ठेवली आहे. पासवर्ड बाबांच्या डायरीत लिहा, फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी नको. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, गोड बोलणाऱ्याला तर मुळीच नाही. आणि बाबा, रात्रीची गोळी जेवणानंतर, बातम्यांनंतर नव्हे.

एक गोष्ट जपून लिहिते. खाते बरेच महिने वापरले गेले नाही तर त्यातले कोणाला मिळावे, हे गूगलमध्ये आधीच ठरवून ठेवता येते. माझ्या खात्यावर मी तुम्हा दोघांची नावे घातली आहेत, कारण प्रवास मीच जास्त करते. तुमच्या खात्यांना हात लावलेला नाही. मी संक्रांतीला येईन तेव्हा वाटले तर शेजारी बसून करू.

आई, तेवढे चटणीचे प्रमाण फोनवर बोलून "घर"मध्ये टाक. खोबरे किती आणि तीळ कधी भाजायचे, तेही सांग. मागे कुकरची शिट्टी झाली तरी चालेल.

तुमची,
मनू