बेट निवडायच्या आधी एक पावसाळा मोजू द्या, साहेब

प्रति,
मा. पृथ्वी विज्ञान मंत्री, भारत सरकार

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कळव्याचा. ठाण्याची खाडी ओलांडली की लगेच आमची चाळ, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गेली अकरा वर्षं भूकंपमापक बसवायचे, बंद पडले की जाऊन दुरुस्त करायचे, नवीन जागा बघायच्या हेच काम करतोय आणि त्यातल्या दोन ट्रिपा अंदमानातल्या निर्जन बेटांवरच्या होत्या. पत्राचं कारण एकच आहे. यापुढे भूकंप मोजायच्या नवीन स्टेशनसाठी लांबचं बेट बघायला टीम पाठवाल तेव्हा तिला दोन रात्रींचा डेटा घेऊन परत बोलावू नका, मशीन तिथे अख्खा पावसाळा राहू द्या आणि मगच सिमेंट ओता.

आधी बेटच कशाला हवं ते सांगतो, कारण मला घरातलेसुद्धा विचारतात की पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) मशीन असताना समुद्रात अजून आत कशाला जाता. अंदमान निकोबार नकाशावर बघा, उत्तर-दक्षिण एक लांबलचक माळ आहे. म्हणजे स्टेशनंही जवळपास एका रेषेतच बसणार. आता असं समजा कळवा, मुंब्रा, दिवा या ओळीतल्या तीन रेल्वे स्टेशनांवर तीन माणसं उभी आहेत आणि कुठेतरी स्फोट झाला, आवाज कोणाला किती वाजता आला ते तिघं बरोबर सांगतील, पण स्फोट पारसिकच्या डोंगराकडे झाला की खाडीकडे ते तिघांना मिळूनही नीट सांगता येणार नाही. चौथा माणूस ऐरोलीत उभा करा, उत्तर मिळतं. रेषेच्या बाहेरचं बेट म्हणजे तो चौथा माणूस. बॅरन, नारकोंडम ही पूर्वेकडची बेटं आपल्या शास्त्रज्ञांना महत्त्वाची वाटतात ती फक्त ज्वालामुखीमुळे नाही. शिवाय भूकंप किती खोल झाला हे जवळ स्टेशन असल्याशिवाय खात्रीने कळत नाही, आणि खोली कळली नाही तर त्सुनामीचा अंदाजही डळमळतो.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात सुमात्रापासून अंदमानपर्यंत साधारण १३०० किलोमीटर जमीन फाटत गेली, ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरपेक्षा जास्त खाली बसलं, त्सुनामीने आपल्या देशात दहा हजारांवर माणसं गेली. नंतर २००७ ला हैदराबादचं त्सुनामी सूचना केंद्र सुरू झालं आणि ते चांगलं काम करतंय. जमिनीतली कंपनं सेकंदाला ६ ते ८ किलोमीटर पळतात आणि त्सुनामीची लाट खोल समुद्रात तासाला ७०० ते ८०० किलोमीटर, या दोघांमधला जो वेळ आहे तेवढाच आपल्या हातात असतो, आणि तो वेळ मिळायचा तर लांबच्या बेटावरचं मशीन त्या मिनिटाला चालू असायला हवं.

आता जागा कशी बघतात ते. समुद्र शांत असतो जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे टीम तेव्हाच जाते, डोंगी किनाऱ्याला लागते तेवढी एकच जागा असते, तिथून बॅटऱ्या डोक्यावर घेऊन वर चढायचं. हातोडा मारत फिरायचं, टणटण वाजला तर खडक, भद्द वाजला तर कुजलेला दगड, तो उपयोगाचा नाही. झाडाजवळ सेन्सर ठेवला तर वाऱ्याने खोड हलतं, मुळं हलतात, जमीन केसभर तिरकी होते आणि मशीन तेही लिहून ठेवतं. पण झाडापासून लांब, सोलरला ऊन, सिग्नलला मोकळं आकाश, खाली सलग खडक आणि लाटांपासून दूर हे सगळं एका ठिकाणी मिळायला जंगलात दिवसच्या दिवस जातात, आणि बोट तर परवा निघणार असते.

माझ्या पहिल्या ट्रिपला हेच झालं. फेब्रुवारीत दोन रात्री रेकॉर्डिंग केलं, ग्राफ इतका स्वच्छ आला की आम्ही सगळे खूश. वरची जागा चांगली होती, पण सिमेंटच्या गोणी तिथवर न्यायला माणसं नाहीत म्हणून खालची ठरली, किनाऱ्याजवळची. मी तेव्हा नवीन होतो, गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. जूनमध्ये पावसाळा लागला आणि नॉइज, म्हणजे भूकंप नसतानाही मशीन टिपतं ती हालचाल, असा वाढला की छोटे भूकंप त्यात दिसेनात, ऑगस्टमध्ये बॅटरीच्या पेटीत पाणी गेलं, डेटा बंद. बोट जाईना. जानेवारीत पोचलो तेव्हा केबल उंदरांनी कुरतडलेली आणि बिजागऱ्या गंजून हातात आल्या. इतके महिने तिथून एकही आकडा आला नाही.

पावसाळ्याचा नॉइज म्हणजे नुसतं लाट खडकावर आपटणं नाही. खोल समुद्रात समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की त्यांचा दाब थेट तळापर्यंत जातो आणि जमीन पाच-सात सेकंदांच्या लयीत सतत हलत राहते. मी दुरुस्त केलेला सेन्सर टेस्टसाठी आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत लावतो. दिवसभर लोकलचाच गोंधळ दिसतो, शेवटची लोकल गेली की पहिली सुटेपर्यंत रेघ शांत होते, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्या शांत तासांतसुद्धा ती संथ हालचाल दिसते, अरबी समुद्राची, इथे कळव्यात! मग चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर काय होत असेल. ते फेब्रुवारीत मोजून कसं कळणार?

नारकोंडमसारख्या बेटावर अजून एक जबाबदारी आहे. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्याच्यामुळेच २०१२ ला तिथल्या तटरक्षक दलाच्या रडारला परवानगी नाकारली होती, ती २०१४ ला मिळाली. आमचं स्टेशन रडारपेक्षा खूप लहान, एक खड्डा, एक पेटी, चार पॅनल. तरी ढोलीचं एकही झाड तोडावं लागणार असेल तर ती जागा सोडा, पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस पहिल्या दिवसापासून टीममध्ये घ्या.

ठाण्यात बसून अंदमानची एवढी काळजी का, तर माझी आत्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात असते. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे जमीन हलायला लागली तेव्हा ती म्हातारी थंडीत ताडपत्रीखाली अंगणात झोपायची. पालघर आधी आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथल्या धुंदलवाडीच्या आसपास मशीनं आणून लावल्यावर धक्के नेमके कुठे होतायत ते कळायला लागलं. आत्याचा पहिला प्रश्न होता, "ही आधी का नाही बसवली रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून साहेब, येत्या जानेवारीत टीम जाईल तेव्हा तिच्यासोबत निदान तीन पोर्टेबल सेट द्या, एक किनाऱ्याजवळ, एक मधे, एक वर, आणि ते पुढच्या जानेवारीपर्यंत तिथेच ठेवायची परवानगी द्या. गोणी वर न्यायला माणसांचे पैसे वेगळे मंजूर करा. पावसाळ्यात एखादी तरी बोटीची फेरी टेंडरमध्येच लिहा, समुद्र उघडला की लगेच जाता येईल अशी. तिथल्या समुद्राची सवय असलेल्या स्थानिक पोराला शिकवून देखभालीला ठेवा, बॅटरी बदलायला मी इथून विमानाने जाण्यात अर्थ नाही. त्याला शिकवायला मी बिनपैशाने येईन, पेटीला कुठलं रबर टिकतं आणि कुठलं खाऱ्या हवेत फुटतं हे मला चुकून चुकून कळलंय, ते मी त्याला दाखवीन.

आपला,
कळव्याचा एक फील्ड इंजिनिअर