चाकापाशी जागा दिलीत म्हणून

प्रिय ताई,

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर नेता.

धाकटा भाऊ गेला तेव्हा सांत्वनाला भरपूर माणसं आली. काळ हेच औषध, देवाची इच्छा, आता आईवडिलांकडे बघ. सगळे मायेनेच बोलत होते, पण मी लवकर सावरावं ही अपेक्षा प्रत्येक बोलण्यात असायची आणि ती पेलण्याचं बळ माझ्यात नव्हतं. तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत. मातीचा गोळा पुढ्यात ठेवलात आणि म्हणालात, "ही मळ. आत हवा राहता कामा नये." मग कितीतरी दिवस मी नुसती माती मळत होते. तळहाताने दाबायचं, गोळा थोडा वळवायचा, पुन्हा दाबायचं. मधेच तारेने कापून आत कुठे पोकळी राहिलीय का ते बघायचं. मला चाकावर बसवायची घाई तुम्ही केली नाहीत. डोक्यात काही टिकत नव्हतं, पण हातांना काम होतं.

चाकावर बसले तेव्हा माती मध्यावर येईना. तुम्ही माझी कोपरं मांडीला टेकवलीत आणि म्हणालात, "माती हलतेय तर हलू दे, तू हलू नकोस."

ग्रीकांच्या गोष्टी तुम्ही कामाच्या ओघात सांगायचात. अथेन्सच्या केरामेइकोस भागात कुंभारांची वस्ती होती आणि शहराची मोठी दफनभूमीही तिथेच. इ.स.पू. पाचव्या शतकात थडग्यांपाशी तेलाच्या पांढऱ्या कुप्या ठेवत. त्यांवर बहुतेकदा थडग्याला भेट द्यायला आलेली माणसंच रंगवलेली असत. काहींच्या आत तर लहान भांडं बसवलेलं असे, म्हणजे थोड्याशा तेलातही कुपी भरलेली दिसावी. मला त्या घरांबद्दल फार माया वाटली. दुःख होतं, तेल महाग होतं, तरी कुपी रिकामी दिसू द्यायची नव्हती.

अथेन्सच्या भांड्यांवरचा तो काळा रंग तुम्ही समजावलात, तो दिवस अजून आठवतो. तो वेगळा रंग नव्हेच. भांड्याची माती आणि वरचा लेप, दोन्हींत लोह. लेपाची माती मात्र गाळून गाळून अगदी बारीक केलेली. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, सगळं लाल होतं. मग ९०० अंश सेल्सियसच्या आसपास हवा कोंडायची, सगळं काळं पडतं आणि लेप वितळल्यासारखा होऊन घट्ट मिटतो. शेवटी पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होते. मिटलेल्या लेपात हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. हे सांगून तुम्ही थांबलात. 'तुझ्या आयुष्यात याचा अर्थ असा' हे वाक्य तुम्ही कधीच जोडलं नाहीत. ताई, सगळ्यात जास्त आभार मला त्याचे मानायचे आहेत. तेव्हा माझ्या दुःखाला जो तो कसला ना कसला दाखला देत होता.

एपिक्टेटसवरून मी तुमच्याशी भांडले होते. जन्माने गुलाम असलेला हा तत्त्वज्ञ सांगतो की सुरई आवडत असेल तर 'मला एक सुरई आवडते' असं स्वतःला बजावत जा, म्हणजे ती फुटल्यावर अस्वस्थ होणार नाहीस. इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणतो, मुलाला किंवा बायकोला जवळ घेताना ते मर्त्य माणूस आहे हे लक्षात ठेव, म्हणजे ते गेल्यावरही अस्वस्थ होणार नाहीस. मी उसळले. माणूस म्हणजे सुरई नव्हे, हे माझं मत आजही कायम आहे. तुम्ही त्याची बाजू घेतली नाहीत, मला समजावतही बसला नाहीत. दुसऱ्या दिवशी होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचा चोविसावा सर्ग वाचायला दिलात.

मुलाचं प्रेत मागायला ट्रॉयचा म्हातारा राजा प्रियाम मुलाला मारणाऱ्या ग्रीक योद्ध्याकडे, अकिलीसकडे जातो. दोघेही रडतात, आपापल्या माणसांसाठी. मग अकिलीस देवांचा राजा झ्यूस याच्या घरातल्या रांजणांबद्दल बोलतो, एक दुःखांनी भरलेला, दुसरा सुखांनी. नुसतं सुख कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि नंतर तो प्रियामला जेवायला बोलावतो. बारा मुलं गेलेल्या, पुराणकथेतल्या नायोबीलाही शेवटी अन्नाची आठवण झाली, असं सांगतो. जेवण झाल्यावर प्रियाम म्हणतो, आता मला निजू द्या, मुलगा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे कुणी कुणाला विसरायला सांगत नाही. त्या रात्री मी नीट जेवले आणि झोपले.

अजूनही कधी कधी चाकावर बसल्या बसल्या डोळे भरून येतात. तुम्ही बघता, पाण्याचं भांडं जवळ सरकवता आणि आपल्या कामाला लागता. मला एवढंच हवं असतं.

पुढच्या खेपेला भट्टी रचायला मी येणार आहे, रात्रीची पाळीही माझ्याकडे द्या. आणि नव्याने येणाऱ्यांत कुणी काही न बोलता नुसती माती मळत बसलेलं दिसलं, तर त्याच्या शेजारी मला बसवा. मी काही विचारणार नाही.

तुमची ऋणी,
तुमची विद्यार्थिनी