पाकिटावर लिहिलेलं असतं, सुट्याचं काय?

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

डाएट सोड्याच्या कॅनवर ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याचा उल्लेख असतो आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी तो घेऊ नये अशी सूचनाही असते. अक्षरं भिंग घेऊन वाचावी लागतात, पण असतात. तोच सोडा सिनेमागृहातल्या मशिनमधून पेल्यात आला की यातलं काहीच समोर राहत नाही. मशिनच्या मागे सिरपची पेटी चुकीची जोडली गेली किंवा गर्दीत भलतंच बटण दाबलं गेलं, तर डाएट आणि साधा कोला दिसायला सारखेच. साध्या कोलाच्या 300 मिलीमध्ये 30 ग्रॅमच्या वर साखर असते. टाइप 1 मधुमेहाच्या मुलाने डाएट समजून, इन्सुलिन न घेता तो प्यायला, तर रक्तातली साखर झपाट्याने चढते.

डाएट सोड्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नसतं. पण टाइप 1 मधुमेहींमध्ये सीलिॲकचं (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराचं) प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, म्हणजे तेच मूल घरी गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी खात असण्याची शक्यता असते. ज्वारीत ग्लुटेन नाही. ज्वारीच्या पिठात मात्र असू शकतं, कारण ते गिरणीतून येतं.

हिशेब साधा आहे. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात ते साधारण 8 ते 9 टक्के असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम, जेमतेम चिमूटभर, कणीक मिसळली तरी मर्यादा संपली. गव्हाच्या दळणावर लगेच ज्वारी टाकली तर दगडी पाट्यांच्या टाक्यांत (खाचांत), कोठीच्या कोपऱ्यात आणि पीठ पडतं तिथे बांधलेल्या कापडात अडकलेलं पीठ तिच्यात उतरतं. ते किलोमागे 10 ग्रॅम धरलं तरी 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन जातं. रोज इतकं काही महिने पोटात गेलं की सीलिॲक रुग्णाच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पोट दुखेलच असं नाही. हिमोग्लोबिन वाढत नाही, मुलाची उंची अडते, आणि घरचे शपथेवर सांगतात की गहू पूर्ण बंद आहे.

हिंगाचा बाऊ मात्र उगाच होतो. बांधानी हिंगात मैदा असतो हे खरं, पण डबीवर घटक छापलेले असतात आणि तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. गिरणीतल्या पिठावर काहीच छापलेलं नसतं. हॉटेलांतही तेच: बटाटावडा बेसनाचा, पण समोशाच्याच तेलात तळलेला. मेन्यूवर ॲलर्जीकारक घटक लिहिण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा-अधिक शाखांच्या उपाहारगृहांना आहे. नाक्यावरचं हॉटेल त्यातून सुटतं.

मानकं दिल्लीत ठरतात, अंमलबजावणी आपल्याकडे आहे. म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक तालुक्यात निदान एका गिरणीत गहू कधीच न दळणारी वेगळी चक्की असावी. तिची जागा भिंतीआड हवी, कारण उडणारं पीठ शेजारच्या चक्कीवर बसतंच. ते होईपर्यंत आठवड्यातला एक दिवस सकाळचं पहिलं दळण बिनगव्हाचं ठेवायला लावा: आदल्या रात्री पाट्या उघडून ब्रशने झाडायच्या, कापड धुतलेलं लावायचं, आधी दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायचं, मग ज्वारी. याने धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे अशा पिठाला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणू देऊ नये. उपवासाची भाजणी वेगळी दळायची सवय आपल्या गिरणीवाल्यांना आहेच, त्यांना हे नवं वाटणार नाही.

आपल्या निरीक्षकांनी सुट्या ज्वारी, नाचणी आणि बेसन पिठाचे नमुने घेऊन एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने ग्लुटेन मोजावं आणि आकडे तालुकावार जाहीर करावेत. पेल्यातून सोडा विकणाऱ्यांना काउंटरवर, निदान हाताच्या पंजाएवढ्या पाटीवर, कॅनवरचीच सूचना लावायला सांगावं. सिरपची पेटी बदलताना दुसऱ्या माणसाने लेबल वाचून सही करायची, हा नियम त्याच पत्रकात घालता येईल.

आपले,
सीलिॲक आणि मधुमेही रुग्णांसोबत काम करणारे आहारतज्ज्ञ