वैशाखातल्या रानातली पंगत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत हे पत्र ताईच तुम्हाला वाचून दाखवेल. मधेच तिला थांबवून माझ्याशी वाद घालायचा नाही. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून तर लिहायला बसले. "हुरड्याला माणसं येतात ते ठीक आहे. वैशाखात रानात आहे काय? भेगा आणि फुफाटा. पानात काय वाढणार?" असं म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. तर शनिवारी पंगत झाली. सोलापूरची पंचवीसेक माणसं संध्याकाळी आपल्या मंगळवेढ्याच्या वस्तीवर आली, जेवली आणि रात्री उशिरा परत गेली. पानात काय वाढलं ते आता नीट ऐका.

सुरुवात शेंगांनी. विहिरीखालच्या पट्ट्यात जानेवारीअखेर टोकलेला भुईमूग अगदी वेळेवर भरला. दुपारी चारनंतर वेल उपटले, मुळांची माती झटकली. हुरड्याला करतो तशीच आगटी केली, फक्त गोवऱ्यांवर तुराट्यांचा जाळ घातला आणि वेलासकट शेंगा त्यावर टाकल्या. तुमच्या मनात आधी कडब्याचा विचार येणार हे माहीत होतं. आगटी गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला होती, शेजारी पाण्याचं पिंप भरलेलं होतं आणि एक गडी तिथून हलला नाही. पोरं राखेतून शेंगा वेचत होती. मोठ्यांनी आधी रुमाल काढले, मग तेही ठेवून दिले. एका गृहस्थांनी मात्र "हुरडा नाही का?" म्हणून विचारलंच. शहरात आता गोठवलेला हुरडा बाराही महिने मिळतो म्हणे! मी म्हटलं, तो पौषात, तेव्हा परत या. सोलापूर जिल्ह्यात असून डाळिंब कसं नाही, असंही कुणीतरी म्हणालं. त्यांना बाग दाखवली. आंबे बहाराची फळं अजून हिरवी आहेत, ती पावसाळ्यात हाताशी येतील. बाजारातून आणून वाढायचं नाही, एवढा एकच नियम मी केला होता. मीठ, गूळ आणि तेल सोडलं तर तो पाळलासुद्धा.

जागेचं सांगते. आईला वाटलं होतं चिंचेखाली बसवीन. पण सूर्य कलल्यावर झाडाची सावली काय कामाची? खाली वारा अडतो आणि वरून पाखरांचा प्रसाद. मळणीयंत्र आल्यापासून खळं नुसतं पडून होतं. काळ्या रानात हल्ली हात जाईल एवढ्या भेगा आहेत, त्यात काय काय दडलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. खळ्यावर मुरूम आहे, जमीन टणक आहे. दोन दिवस आधी ते शेणानं सारवून घेतलं. शनिवारी चार वाजता एकदा आणि सहा वाजता पुन्हा सडा मारला. पहिला सडा जमिनीनं पिऊन टाकला, नुसती वाफ वर आली. दुसऱ्यानं गारवा धरला. पारा दिवसभर बेचाळीसच्या आसपास होता, तरी सात वाजता त्या खळ्यावर अनवाणी बसता येत होतं. मोठा बल्ब पंगतीपासून लांब, गोठ्याच्या कोपऱ्यावर टांगला. सगळे किडे तिकडे गेले. पंगतीत नुसते कंदील. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन बाजा टाकल्या होत्या, त्यावर गुडघे न दुखणारेच जास्त बसले.

आल्याआल्या रांजणातलं पन्हं आणि ताक. पन्हं गुळाचं. ताक आपल्या पंढरपुरी म्हशीचं, त्यात नुसतं जिरं, मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळून दुपारपासून वाऱ्याच्या तोंडाला ठेवला होता, बर्फ लागला नाही. आई, बर्फ मागवला होता तो मी तसाच परत पाठवला, हे तुला आवडेल.

आता भाकरी. इथे मात्र मला थोडं मिरवू द्या. यंदाची मालदांडी ज्वारी फेब्रुवारीत काढली, मार्चमध्ये मळली. नव्या ज्वारीची भाकरी काय असते हे शहरातल्या माणसाला माहीतच नाही. वाण्याकडून किती जुनी ज्वारी येते हे त्यानं कधी विचारलेलं नसतं. एका पाहुण्यानं विचारलं, ही इतकी पांढरी आणि गोड कशी? मी त्यांना काळी माती दाखवली. भाद्रपद-आश्विनात पेरायची, पुढे पाऊस नाही, पाणी द्यायचं नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पीक उभं राहतं. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाबा, ते सांगताना मी तुमच्यासारखीच हात मागे बांधून उभी होते, असं तुमचे जावई म्हणतात.

तीन चुली मांडल्या, वस्तीवरच्या मावशी आणि शेजारच्या मळ्यातल्या दोघी भाकऱ्या थापत होत्या. चुलीही वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवल्या, नाहीतर पंगतीच्या डोळ्यांत धूर. तव्यावरून पानात, मधे दुरडी नाही. कडक भाकऱ्या आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या, त्या लोकांनी शेंगाचटणीबरोबर फोडून खाल्ल्या. चटणी उखळात कुटली, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची चटणी कोरडी पडते यावर आई आणि माझं एकमत आहे. (आमचं दुसरं कशावर आहे ते आठवावं लागेल.)

कोरड्यास म्हणून शेवग्याच्या शेंगांची आमटी, आई, तुझं काळं तिखट घालून. उसाच्या पाटात आलेली चिवळ निवडायला दोन बायका दुपारभर बसल्या. ती भाजी एवढी बारीक की पाहुण्यांनी आधी कोथिंबीर समजून बाजूला सारली आणि मग दोनदा मागून घेतली. भरली वांगी, ठेचा, कैरीचा तक्कू. मार्चअखेर काढलेला कांदा बुक्कीनं फोडून. सोलापुरातल्या पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू वस्तीतून, आलेल्या एका काकूंनी घरचं आवकाय, म्हणजे त्यांच्याकडचं कैरीचं लोणचं, आणलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण भाकरीवर ते लोणचं आणि वर कच्चं तेल असं त्यांनी मला खायला लावलं, मग मी नियमाचं नाव काढलं नाही. दोघांनी मटणाचं विचारलं. नाही म्हटलं. मटण असलं की चिवळीकडे कोण बघणार?

गोड म्हणजे आमरस. बांधावरच्या गोटी आंब्याची अढी बरोबर उतरली. रस आधी काढून ठेवायचा नाही, या उन्हात तो फसफसतो. पंगत बसल्यावर आंबे पिळले, त्यात दूध नाही, पाणी नाही. सोबत याच महिन्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया.

आठच्या सुमाराला लांब वीज चमकायला लागली आणि वावटळ सुटली. झाकण्या टाकल्या, पानांवर हात धरून सगळे बसून राहिले. वळीव काही आला नाही. आला असता तर गोठ्याशेजारची पत्र्याची शेड झाडून ठेवलीच होती.

आता तुमचा मुख्य मुद्दा. "दामाजीपंतांच्या गावात राहून जेवणाचे पैसे घेणार?" हे तुम्ही म्हणालात ते मला लागलं, म्हणून त्याचं उत्तर मोकळेपणानं देते. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती उपाशी माणसांसाठी. माझ्याकडे आलेले लोक गाडीत बसून, भूक लावून घेऊन आले होते. आणि ती कोठारं बिदरच्या बादशहाची होती. आपलं कोठार आपलंच. ते रिकामं झालं तर भरपाईची थैली घेऊन विठोबा आपल्यासाठी बिदरला कशाला जाईल? ज्वारी बाजारात घालताना आपण दलालाच्या तोंडाकडे बघतो. हीच ज्वारी भाकरी होऊन पानात गेली, की भाव आपण सांगतो. माणशी 350 रुपये घेतले, लहान मुलांचे नाहीत. भाकऱ्या थापणाऱ्या तिघींना, चिवळ निवडणाऱ्यांना आणि गड्यांना हजेरी देऊन हातात बऱ्यापैकी उरलं. हिशेब वहीत लिहिलाय, पट्टी सुटली की तुम्हीच तपासा. आणि सगळ्यात शेवटी या सगळ्यांची पंगत बसली तेव्हा वाढायला मी आणि तुमचे जावई होतो. त्या पंगतीचे पैसे नाहीत, एवढं तुमच्या समाधानासाठी.

मृगाच्या आधी अजून एकदा करायचं ठरतंय. शेंगांचा अर्धा पट्टा त्यासाठी ठेवलाय, नंतर पाऊस लागला की शेंगा जमिनीतच उगवायला लागतील. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर बाबा, तुम्हीच या आणि ज्वारीचं तुम्हीच सांगा. मला ते मालदांडीच्या 35-1 वाणाचं आणि मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्राचं तुमच्याइतकं रंगवून सांगता येत नाही. धुळीसाठी काळा चष्मा आणा.

आई, काळं तिखट बरणीच्या तळाला गेलंय. प्रमाण ताईला सांग, ती लिहून पाठवेल. दगडफूल किती आणि खोबरं कितपत भाजायचं ते वजनात सांग. "अंदाजानं घे" असं म्हणालीस तर मी पुन्हा फोन करीन.

तुमची,
धाकटी