दरमर्यादेचा भार कोणावर?

ऐनवेळच्या विमान तिकिटांच्या दरांवर कायमची मर्यादा घालावी, अशी मागणी करणारा लेख वाचला. त्यातील संताप समजतो. ‘नफेखोरी’ हा शब्द मात्र पटला नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) २०२५ च्या अंदाजानुसार जगभरातील विमान कंपन्यांना एका प्रवाशामागे निव्वळ नफा मिळतो तो सुमारे ७ डॉलर. खर्चाचा साधारण चौथा हिस्सा इंधनावरच जातो आणि विमान जमिनीवर उभे असले तरी त्याचे भाडे वा कर्जाचे हप्ते चुकत नाहीत.

मूळ अडचण अशी की, रिकामी गेलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून काही आसने आधीच स्वस्तात विकून उड्डाणाची निश्चिती करायची आणि उरलेली निकडीच्या प्रवाशांसाठी महाग ठेवायची, असा हा हिशेब असतो. वरच्या दराला कुलूप लावले, तर खालचा दर वर सरकेल. त्याचा भार पडेल तो महिनाभर आधी, पै-पै जुळवून तिकीट काढणाऱ्यावर. लेखात या प्रवाशाचा उल्लेखही नाही!

सामान आणि आसननिवडीचे शुल्क अगदी शेवटच्या टप्प्यावर दाखवण्याची पद्धत मात्र खरोखर खटकणारी आहे. नियामकांनी हात घालायचाच, तर तिथे घालावा. पूर्ण रक्कम पहिल्याच टप्प्यावर दिसली पाहिजे.

– एक वाचक