कंपनीवरचा संशय गाडीवर काढू नये

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाचक-पत्रांत गेल्या पंधरवड्यात सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची टर उडवणारी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या नवउद्योगाने तयार केलेली ‘ईवा’ ही गाडी म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचे खेळणे आहे, विदर्भाच्या खेड्यात तिचा काडीचा उपयोग नाही, आणि असल्या विचित्र आकाराच्या गाड्या काढणाऱ्या कंपन्या शेवटी लोकांचे आगाऊ पैसे घेऊन बुडतात, असा दोन्ही पत्रांचा सूर होता. आर्वी तालुक्यातील आम्ही काही मंडळी, ज्यांत जळालेल्या विजेच्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून देण्याचा, म्हणजे रिवाइंडिंगचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर आणि बाकीचे माझ्यासारखे कोरडवाहू शेतकरी आहेत, कित्येक वर्षांपासून अशा गाड्यांची माहिती जमवत आहोत. आमचा कोणत्याही कंपनीशी व्यवहार नाही. परंतु या पत्रांत दोन वेगळ्या शंकांची सरमिसळ झाली आहे आणि त्यामुळे एका चांगल्या कल्पनेवर अन्याय होतो आहे, असे आम्हांस वाटते.

कंपन्यांविषयीची शंका खरी आहे. अमेरिकेच्या एलिओ मोटर्सने तीन चाकांची, एकामागे एक दोन माणसे बसतील अशी गाडी ६,८०० डॉलरना देऊ असे सांगून हजारो लोकांची नोंदणी घेतली, त्यांतल्या कित्येकांनी परत न मिळण्याच्या अटीवर पैसे भरले, आणि लुइझियाना राज्यात जनरल मोटर्सने सोडलेला कारखाना हाती घेऊनही विक्रीची गाडी काही बाहेर पडली नाही. जर्मनीच्या सोनो मोटर्सने आपली सौर मोटार फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केली. नेदरलँड्सच्या लाइटइयरने त्याच्या महिनाभर आधी आपल्या सौर मोटारीचे उत्पादन थांबवले. कॅलिफोर्नियाची ॲप्टेरा ही तीनचाकी गाड्यांची कंपनी २०११ मध्ये बंद पडली, तिच्या संस्थापकांनी २०१९ मध्ये ती पुन्हा उभी केली, आणि २०२५ पर्यंत तरी ग्राहकांना गाड्या मिळू लागल्या नव्हत्या. एवढे सगळे समोर असताना नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी दहादा विचार करा, असे कोणी सांगत असेल तर आम्ही त्याच्याच बाजूचे आहोत.

मात्र कंपनीचे भांडवल संपले म्हणून तिच्या गाडीमागचे गणित खोटे ठरत नाही. एलिओचा दावा एका गॅलन पेट्रोलमध्ये ८४ मैलांचा, म्हणजे लिटरला सुमारे ३६ किलोमीटरचा होता आणि त्यावर तेव्हा पुष्कळ शंका घेतली गेली. आता आपल्याच देशातील बजाजची क्यूट पाहा. २१६ सीसीचे इंजिन, ४०० किलोच्या आसपास वजन आणि लिटरला ३५ किलोमीटरचे मायलेज अशी ती चारचाकी आहे. एलिओचा आकडा महामार्गावरच्या वेगाचा होता आणि क्यूटला ताशी ७० किलोमीटरची मर्यादा आहे, हा फरक मला मान्य आहे. पण हलकी गाडी आणि बेताचे इंजिन यांतून एवढे मायलेज निघू शकते, हे क्यूटने रस्त्यावर दाखवले. दुर्दैव असे की ही गाडी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि न्यायालयीन वाद व नियमांच्या घोळातून वाट काढत महाराष्ट्रात विक्रीला यायला २०१९ उजाडले, कारण ती मोटारीच्या व्याख्येत बसत नव्हती आणि ऑटोच्याही नाही. मोठ्या कंपनीने सात वर्षे कळ सोसली. एखाद्या नवउद्योगाचा तेवढ्या काळात पगार द्यायलाही पैसा उरला नसता. कंपन्या बुडाल्याचे दाखले देताना त्या का बुडाल्या हेही पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता ‘ईवा’कडे वळतो. एका पत्रलेखकांनी छतावरच्या सौर पॅनेलला ‘नुसती शोभा’ म्हटले आहे. त्यांनी आकडेमोड केलेली दिसत नाही. गाडीच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत १८ युनिट वीज साठवणारी बॅटरी आहे आणि ती एका चार्जिंगमध्ये २५० किलोमीटर जाते असे कंपनी सांगते, म्हणजे किलोमीटरला ७२ वॅट-तास वीज लागते (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). पॅनेलवर दिवसाला दहा किलोमीटरपर्यंत जाता येईल, असा दावा आहे. त्यासाठी जेमतेम पाऊण युनिट वीज पुरते. आपल्या भागात एका चौरस मीटर जागेवर दिवसाकाठी सरासरी पाच युनिटांच्या आसपास सौरऊर्जा पडते, त्यातली वीस टक्के पॅनेलने टिपली तर एक युनिट होते, आणि पॅनेल तापल्यामुळे व तारांमध्ये चौथा हिस्सा वाया गेला तरी पाऊण युनिट शिल्लक राहते. हा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल आणि त्यात कोठेही अतिशयोक्ती नाही. ॲप्टेराचा दिवसाला ६४ किलोमीटरचा दावा मात्र सुमारे ७०० वॅटच्या पॅनेलवर आणि लख्ख उन्हाच्या दिवसावर बेतलेला आहे, तो वर्षभराचा म्हणून कोणी घेऊ नये.

पेट्रोलशी तुलना केली तर फरक फार मोठा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. लिटरला वीस किलोमीटर जाणारी छोटी मोटार एका किलोमीटरला ४५० वॅट-तास खर्च करते आणि त्यातला बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने हवेत सोडते. आमच्याकडची वीज शेवटी कोळशातूनच येते, हे मी विसरलेलो नाही. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, हे धरले तरी विजेरी गाडी पुढेच राहते. घरगुती वीज दहा रुपये युनिट मानली आणि चार्जिंगमधली घट धरली, तरी किलोमीटरला रुपयाच्या आतच खर्च येतो. पेट्रोल शंभरावर गेल्यापासून मोटारीचा खर्च पाच रुपयांच्या खाली येत नाही. अर्थात बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत किलोमीटरमागे दोन रुपये वेगळे आकारण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, तेव्हा स्वस्त किमतीची जाहिरात वाचताना तेही मोजावे.

तीन चाकांच्या गाड्या उलटतात, हा आक्षेप दोन्ही पत्रांत आहे. ईवाला चार चाके आहेत, हे आधी नमूद करतो. ॲप्टेरा आणि एलिओ या तीन चाकी गाड्यांत दोन चाके पुढे व एक मागे असते. ऑटोमध्ये पुढे एकच चाक असल्याने वळणावर ब्रेक मारला की भार पुढच्या कोपऱ्यावर जातो आणि तेथे त्याला आधार नसतो. दोन चाके पुढे असली की तोच भार चाकावर पेलला जातो. तेव्हा ऑटोचा अनुभव या गाड्यांना जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे. आमच्या मते या गाड्यांची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी लिहिली नाही. पांदण रस्त्यावर बैलबंडीच्या चाकोऱ्या दोन असतात आणि मध्ये उंचवटा राहतो. तिसरे चाक नेमके त्या उंचवट्यावरून जाईल. ॲप्टेराचा ०.१३ इतका कमी वायुरोध गुणांक, म्हणजे गाडीच्या आकारामुळे हवेचा किती अडथळा होतो याचे माप, हेवा वाटावा असा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याचा फायदा मोठ्या वेगात मिळतो. आमच्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तीनचाकीला प्रवेशच नाही, आणि गावाच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जाण्याची सोय नसते. इथे वायुरोधापेक्षा गाडीचे वजन अधिक महत्त्वाचे आहे. मालासाठी जड बंडी आणि माणसांसाठी हलकी दमणी, हा विवेक आपल्या वाडवडिलांना होता. आज एकट्या माणसाला तालुक्याला न्यायला आपण सातशे-आठशे किलो लोखंड ओढतो.

खेड्यात उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी दुपारच्या बाराला एखाद्या तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहावे. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलवर जाणारी आरोग्यसेविका, मधे आजारी म्हातारा आणि त्याला मागून धरून बसलेला मुलगा अशी तिघांची स्वारी, पावसात भिजत शाळेत पोहोचणारे शिक्षक, ही सगळी माणसे मोटार घेऊ शकत नाहीत म्हणून दुचाकीवर जीव धोक्यात घालतात. त्यांचे रोजचे जाणे-येणे बहुधा तीस-चाळीस किलोमीटरच्या आतले असते. डोक्यावर छप्पर, दारे, चालवणाऱ्याखेरीज एक मोठा माणूस आणि एक मूल यांना बसायला जागा, आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्रीतून चार्ज होणारी बॅटरी, एवढे त्यांना पुरेसे आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाकडे लोकल आहे, मेट्रो आहे. आमच्याकडे एसटीची शेवटची गाडी चुकली की काळी-पिवळीची वाट पाहावी लागते. या गाडीची गरज शहरापेक्षा आम्हालाच अधिक आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आमच्या शंका नाहीत असे नाही. उन्हात बॅटरीचे आयुष्य घटते, आणि पॅनेलमधून वीज हवी तर गाडी उन्हातच उभी करावी लागते. आमचे रिवाइंडिंगवाले मित्र म्हणतात की तेच पॅनेल घराच्या छतावर योग्य कोनात बसवावे आणि गाडी कडुलिंबाखाली ठेवावी. मला त्यांचे म्हणणे पटते. एसी चालवला की पल्ला नक्कीच कमी होणार. काळ्या मातीच्या चिखलात लहान चाकांची गाडी रुतेल काय, दुरुस्तीला नागपूर गाठावे लागेल काय, हे प्रश्न गाडी वापरल्याशिवाय सुटणारे नाहीत, आणि प्रमाणित चाचणीतला पल्ला खड्ड्यांच्या रस्त्यावर तसाच मिळत नाही, हे दुचाकीवाल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत आमची एक विनंती आहे. ही गाडी बनवणाऱ्यांनी दिल्लीच्या प्रदर्शनांबरोबरच एकदा वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यात ती आणावी, एक आठवडा मे महिन्यात आणि एक आठवडा जुलैमध्ये, आणि ती एखाद्या आरोग्यसेविकेच्या व एखाद्या शेतकऱ्याच्या हाती द्यावी. किती युनिट वीज लागली, पॅनेलने किती दिली, बॅटरी किती तापली, गाडी कोठे अडली, याची रोजची नोंद आमचे भौतिकशास्त्राचे सर विनामूल्य ठेवतील, आणि आकडे कंपनीच्या बाजूचे असोत वा विरोधातले, आपण ते जसेच्या तसे छापावेत. ज्या दोन वाचकांनी टीका केली, त्यांनीही त्या वेळी अवश्य यावे आणि मीटर स्वतः वाचावे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा