गॅलरीचा उतार कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या विश्रामबागेतील एका परिचितांच्या नव्या घराची गॅलरी वर्षभरात पुढच्या कडेला बोटभर खाली आली, म्हणून त्यांनी मला पाहायला बोलावले. गवंड्याने पाणसळ लावून ‘पाणी जायला ढाळ दिला होता, तोच दिसतोय’ असे त्यांचे समाधान केले होते. परंतु कठड्याची वरची कडाही तितकीच झुकलेली होती, आणि कठड्याला ढाळ देणारा गवंडी मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही.

मूळ नकाशात ही गॅलरी भिंतीपासून चार फूट बाहेर काढलेली होती. काम सुरू झाल्यावर घरच्यांच्या आग्रहाने ती सहा फुटांची झाली. बीमचा आकार मात्र तोच राहिला. लांबी दीडपट झाली तर बाक, म्हणजे बीम वाकून खाली जाण्याचे माप, तेही दीडपट येईल असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एका टोकाला पक्क्या धरलेल्या बीमवर सारखा पसरलेला भार असेल, तर मोकळ्या टोकाचा बाक लांबीच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणजे इथे तो पाचपटीहून थोडा अधिक होतो. टोकावरच्या कठड्याच्या वजनाने येणारा बाक तिसऱ्या घातानुसार, सुमारे 3.4 पट. एवढे गणित डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही येते.

माझी तक्रार त्यापुढची आहे. त्या सूत्रातले ‘पक्क्या धरलेल्या’ हे शब्द घराच्या बाबतीत क्वचितच खरे ठरतात, कारण गॅलरीचा बीम म्हणजे बहुधा आतल्या खोलीचाच बीम आधारावरून बाहेर काढलेला असतो. गॅलरीवर भार आला की आधारापाशी तो बीम थोडा फिरतो, आणि त्या फिरण्याला, म्हणजे आम्ही वर्गात ज्याला स्लोप म्हणतो त्या उताराला, गॅलरीच्या लांबीने गुणले की टोक आणखी किती खाली जाईल ते कळते. सहा फुटांची गॅलरी, आत बारा फुटांची खोली, आतला बीम दोन्ही आधारांवर नुसता टेकलेला आणि भार फक्त गॅलरीवर असे धरून गणित करून पाहावे: गॅलरीचा स्वतःचा बाक 1 मानला, तर उतारामुळे येणारी टोकाची घसरण 2.67 भरते. कॉलमच्या ताठपणामुळे ती प्रत्यक्षात कमी होते आणि खोलीतला भार टोकाला उलट वर उचलतो, हे मान्य. दोन्हीकडे सारखाच भार धरला तर या मापांत उचल आणि घसरण एकमेकींना अगदी पूर्ण रद्द करतात. पण हळदीकुंकवाला माणसे गॅलरीत दाटली आणि खोली रिकामी राहिली, तर त्या जादा भाराला उचलणारे आत काहीच नसते.

वर्गात बीमला वाकवणाऱ्या परिबलाच्या (बेंडिंग मोमेंट) समीकरणाचे एकदा समाकलन (इंटिग्रेशन) केले की उतार मिळतो आणि दुसऱ्यांदा केले की बाक. गणितज्ञ डब्ल्यू. एच. मॅकॉले यांनी 1919 मध्ये मांडलेल्या पद्धतीने हे काम सोपे झाले, पण विद्यार्थी उताराला बाकापर्यंत जाण्याची मधली पायरी समजून ओलांडून जातो. परीक्षेतही कमाल बाक विचारला जातो, आधारावरच्या उताराचे पुढे काय करायचे हे नाही. मीही अनेक वर्षे असेच प्रश्न काढले, ही कबुली इथे दिलेली बरी.

काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक 456 नुसार अंतिम बाक गाळ्याच्या, म्हणजे बीमच्या मोकळ्या लांबीच्या, 250 व्या भागापेक्षा अधिक नसावा. सहा फुटांच्या, म्हणजे 1.8 मीटरच्या गॅलरीला ही मर्यादा जेमतेम 7 मिलिमीटर येते. बाहेर काढलेल्या बीमची लांबी त्याच्या परिणामकारक जाडीच्या (दाब येणाऱ्या कडेपासून ताणाच्या सळईपर्यंतच्या अंतराच्या) 7 पटींत ठेवावी, असे मूळ गुणोत्तरही त्यात आहे. सळईच्या प्रमाणानुसार त्यात बदल होतो. शिवाय काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहते. ओतकामानंतर भार सातव्या दिवशी आला तर हे दबणे मोजण्याचा गुणांक 2.2 आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आला तर 1.6 धरायचा असतो. त्यामुळे सेंट्रिंगच्या टेकूंचे भाडे वाचवण्यासाठी ते घाईने काढणे फार महागात पडते. (वरच्या बाजूची सळई ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली दबून खाली जाणे हे तर आणखी गंभीर कारण; त्यासाठी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.)

परिचितांच्या गॅलरीत यांपैकी नेमके काय घडले, हे सळईची जागा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तोपर्यंत तिथे गर्दी करू नका असे मी त्यांना सांगून आलो आहे. आपल्या वृत्तपत्राद्वारे जिल्ह्यातील आराखडाकारांना माझी एवढीच विनंती आहे, की बाहेर काढलेल्या प्रत्येक बीमच्या मापाशेजारी टोकाचा अपेक्षित बाक मिलिमीटरमध्ये लिहावा आणि तो काढताना आधारावरचा उतार धरला आहे किंवा नाही, हेही नमूद करावे. घरमालकाने गॅलरी दोन फूट वाढवायला सांगितली, तर निदान तो आकडा खोडून नवा लिहावा लागेल.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अध्यापक,
सांगली